वरच्या मजल्याचं उत्तर

उणे पन्नास अंशांच्या थंडीत सैबेरियातल्या याकुत्स्कचे म्हातारे एकमेकांची खबरबात पाइपावरूनच घेतात. अक्सीन्याआजी रोज सकाळी गरम पाण्याच्या पाइपावर चमच्याने दोनदा ठोकायची. वरच्या मजल्यावर एकटा राहणारा प्रोकोपी दोनदा ठोकून जिवंत असल्याचं कळवायचा. या आठवड्यात तर दिवसभर ठकठक चालली होती.

"म्हाताऱ्याला वाचा फुटली," ती हसायची.

आज तिच्याकडचा पाइप गार पडला, म्हणून प्लंबर आयताल आला. त्याने पाइपाला कान लावला.

"आजी, हा वर गोठलाय. आत बर्फ झाला की पाइप असाच ठोकतो. वरच्या आजोबांची खिडकी तर चार दिवस सताड उघडी दिसतेय."

 

वरून पुन्हा दोनदा ठकठक झाली. आजीने चमचा उचलला नाही.