बाजू पालटायला

रेकॉर्डची बाजू संपली आणि विमलताई पोळ्या अर्ध्यावर टाकून उठल्या. "आली जी, आली!" पदराला हात पुसत त्या आतल्या खोलीत गेल्या. बोटं न टेकवता, कडेनं धरून रेकॉर्ड पालटली, सुई ठेवली आणि गुडघा चोळत परत आल्या. एक बाजू म्हणजे जेमतेम सहा-सात पोळ्या. मग पुन्हा उठा. नवऱ्याला लकवा मारल्यापासून त्यांचा दिवस असा तुकड्यातुकड्यांत जायचा, आणि रात्रीचं तर विचारूच नका.

उकंडराव वणीच्या कोळसा खाणीतून रिटायर झालेले. वेड मात्र जॅझच्या जुन्या रेकॉर्डींचं. त्यातही एकाच वादकाची अख्खी रेकॉर्ड त्यांना नको असे. नाना वादकांची एकेक चीज जिच्यावर एकत्र केलेली, तीच ते उचलायचे. नागपूरचा जुना बाजार, भंगारवाले, कुठून कुठून आणल्या होत्या. कपाट भरलं, मग दिवाण भरला. विमलताईंना त्यातलं ओ की ठो कळत नसे. त्यांच्या लेखी सगळे भोंगेच.

दुपारी नागपूरहून लेक आली, अर्पिता. आईचे खोल गेलेले डोळे बघून तिनं लगेच पिशवी उघडली. तिनं एक छोटा स्पीकर आणला होता. बाबांच्या रेकॉर्डींवरच्या चिजा तिनं हुडकून हुडकून त्यात भरल्या होत्या, त्याही त्याच क्रमानं. नाहीतर बाबा नाक मुरडतील.

"आता तुले उठाले नाही लागत आई. हे आपलं आपलं वाजत राह्यते. झोप तू."

"अगं बाई, खरंच?" विमलताई कूलरसमोर सतरंजीवर लवंडल्या त्या लवंडल्याच. जाग आली तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं. बाबांना चहासुद्धा अर्पितानंच पाजला होता. किती दिवसांनी अंग हलकं वाटत होतं!

तेवढ्यात आतून उकंडरावांचं हुंकारणं ऐकू आलं. दोघी गेल्या. ते चांगल्या हाताचं बोट कपाटाकडे करून होते.

"बाबा, तेच तर वाजून राह्यलं," अर्पिता म्हणाली. "आवाजही किती साफ हाये."

त्यांनी नकारार्थी मान हलवली. बोट पुन्हा कपाटाकडे.

विमलताईंचं डोकंच फिरलं. "काहून जी? माह्या झोपेवरच टपले काय तुमी? मी का माणूस नाही?" बोलून गेल्या आणि त्यांचं त्यांनाच वाईट वाटलं. पण शब्द काही मागे घेतले नाहीत. फार थकल्या होत्या त्या.

उकंडराव शब्द जुळवू लागले. आजारापासून एकेक शब्द त्यांना ओढून काढावा लागे. "हे... थांबत नाही."

"तेच तर चांगलं ना बाबा!"

"थांबलं... का..." त्यांनी बायकोकडे पाहिलं. "विमल येते."

अर्पितानं स्पीकर बंद केला.

"मंग तसं सांगाचं ना," विमलताई म्हणाल्या. "मी आली असती."

"नसती." रागानं नव्हे, अगदी हळू म्हणाले ते. "दमली... तू."

खोटं कुठं होतं? अख्खी दुपार त्या या खोलीत फिरकल्या नव्हत्या. आठवणसुद्धा झाली नव्हती. आणि आत्ताही खरं सांगायचं तर त्यांना फक्त झोप हवी होती. नवरा नको, रेकॉर्ड नको, काही नको.

त्या पलंगाच्या कडेला टेकल्या.

"सरका जरा तिकडं," त्या म्हणाल्या. "मले आणखी झोपाचं हाये."

उकंडराव चांगल्या कोपराचा रेटा देत देत, इंच इंच, भिंतीकडे सरकू लागले.