साकवाची साक्ष

“खडक लागेपर्यंत खण गो बाय, मगच पहिला दगड ठेव.”

वडील जाऊन तीस वर्षं झाली, तरी ग्रामपंचायतीच्या बाकावर बसलेल्या शेवंता गवंडिणीच्या कानात आज तोच आवाज घुमत होता. शाळेकडचा नवा साकव, म्हणजे ओढा ओलांडायचा छोटा पूल, बांधायचं काम कुणाला द्यायचं, ते ठरणार होतं. निविदांची पाकिटं उघडून झाली होती. आता रीतीप्रमाणे प्रत्येकाचं जुनं बांधकाम बोलणार होतं.

बांधकामांचा आवाज ज्यातून ऐकू येई, त्या टेबलावरच्या यंत्राकडे सरपंच रेश्माताई वाकल्या. “ओढ्यावरच्या साकवा, तुला शेवंताकाकींनी बांधलं. कसा आहेस रे?”

दगडांत बसवलेल्या कानांनी बारा पावसाळे ऐकलेला साकव सावकाश बोलला, “डावा खांब खडकावर नाही, मुरमावर आहे. पहिल्याच पुरात हलला.”



“झालं! काकी, घरी जाऊन पेज प्या आता,” शेजारी बसलेला ठेकेदार बाबल हसला.

“पण दर वैशाखात कुणीतरी येतं,” साकव पुढे म्हणाला. “ओवी गुणगुणत खांबाच्या पायाशी दगड रचतं आणि निघून जातं. म्हणून मी उभा आहे.”

रेश्माताईंनी दप्तर चाळलं. “दुरुस्तीची नोंदच नाही. काकी, कोण येतं?”

शेवंताचा बारा वर्षं छातीत कोंडलेला श्वास सुटला. किती हलकं वाटलं तिला!

“मीच येते, ताई. बांधताना पाऊस तोंडावर आला होता, हातभर खणायचं राहिलं, आणि मी कुणाला सांगितलं नाही. नवा साकव कुणालाही द्या, पण खडक लागेपर्यंत खणायला लावा.”