मागच्या सीटचा पट्टा

सुरतेहून घेतलेली ती जुनी, पण भारीतली छोटी एसयूव्ही भूपेंद्रने निम्म्या वाटेतच सोडून दिली असती. पट्टा लावा म्हणून गाडी सारखी टिंग-टिंग करत होती, आणि तेही मागच्या सीटसाठी. तिथे कुणी बसलं तरच ती अशी वाजते.

त्याने मागे हात फिरवून पाहिला. सीट रिकामी होती, आणि गार. विकणारा आता फोनही उचलत नव्हता.

पण गाडी सोडणार कशी? मुलाकडे गाडी नाही म्हणून दोन स्थळं मोडली होती. उद्या तिसऱ्या मुलीची माणसं त्याच्या गावी, ब्राह्मणपुरीला, घर बघायला येणार होती. दात-ओठ खात त्याने गाडी दारापर्यंत आणली आणि इंजिन बंद केलं.

टिंग-टिंग चालूच राहिली.

आई, मंगलाबाई, भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभीच होती. नव्या सुनेवरून ओवाळावा तसा तिने तो तुकडा गाडीवरून ओवाळला.

"ये व माय लक्ष्मी, घरमा ये!"

"आई, नको! बलावू नको!" भूपेंद्र ओरडला.

तोवर तिने तुकडा लांब भिरकावला होता.

टिंग-टिंग थांबली.

"काय व्हयनं रे?" आई हसली. "लक्ष्मीले कोनी नही म्हनस का?"

भूपेंद्र तिच्या खांद्यावरून आत बघत होता. पाहुण्यांसाठी बैठकीतल्या झोक्यावर नवी गादी घातली होती. झोक्याच्या साखळ्या करकरल्या, आणि गादी मधोमध हळूहळू खाली दबत गेली.