मधोमध

घरच्यांबरोबर सहलीला गेलं की चित्रकाराला कुठेही बूड टेकून चित्र काढायला मिळत नसे. त्याने कागद उघडला रे उघडला की बायको म्हणायची, "आता इथेच मुक्काम का?" आणि मुलांना नेमकी तेव्हाच भूक लागायची. म्हणून तो जागेचा फोटो काढून आणायचा आणि घरी निवांत रंगवायचा. फोटोत मात्र सासूबाई हटकून मधोमध. "जावईबापू, नुसती झाडं काय काढताय? थांबा, मी उभी राहते."

रंगवताना त्यांना वगळलं, तर ती जागा ओकीबोकी दिसायची. मग सासूबाईंच्या जागी तो एक मोठा खडक काढायचा. डोंगर असो, किनारा असो की तळं, मधोमध खडक ठरलेला.

प्रदर्शनात त्या खडकानेच भाव खाल्ला. "काय करारी खडक आहे हो!" एक पाहुणे म्हणाले. "कुठेही उभं राहा, आपल्यावरच नजर ठेवून आहे असं वाटतं. कुठे सापडला हा तुम्हाला?"

"प्रवासात," चित्रकार म्हणाला. बायको छताकडे बघू लागली.

सासूबाई चष्मा लावून एकेका चित्रापुढे थांबत शेवटपर्यंत गेल्या आणि तशाच परत आल्या. मग त्या चित्रकारासमोर येऊन उभ्या राहिल्या.

 

"बाकी सगळी छान झालीत," त्या म्हणाल्या. "त्या तळ्यावरच्या चित्रात मात्र मी जरा जाड आलेय."