दरवाज्याचं माप

आर्णीजवळच्या आमच्या गावात गढीचा पडलेला दरवाजा पुन्हा जसाच्या तसा बांधायचं ठरलं, पण त्याच्या उंचीवरून पारावर हमरीतुमरी झाली. फोटो कुणाकडेच नव्हता. “भांडता कायले? आमचा बुढा वावरातून येऊ द्या,” तानाबाई म्हणाली. नथ्थूजी आले आणि मोकळ्या रस्त्यावर, दरवाज्याच्या जागी, सवयीनं वाकले. “काका, हलू नका!” आर्किटेक्ट अनघा टेप घेऊन धावली. “काहून? साप हाये का?” ते वाकूनच ओरडले. त्या मापानं दरवाजा उभा राहिला. उद्घाटनाला आत शिरायचा मान नथ्थूजींचा. नवं बांधकाम उंचच असणार, या भरवशावर ते ताठ मानेनं निघाले आणि चौकट कपाळावर ठणकन बसली. टेंगूळ चोळत ते तानाबाईकडे वळले. “हाच हाये तो! तुले लग्न करून आनलं, तवाबी इथंच आपटलो होतो.” “अन् तवाबी मी वाका म्हणलं होतं!”