बिनलोखंडाची नाव

भावनानं लोखंडाची एक सळईसुद्धा न घालता काँक्रीटची नाव ओतली होती. सिमेंटात तिनं केसांसारखे बारीक प्लास्टिकचे तंतू कालवले होते. तेच नावेला धरून ठेवणार, असं तिचं गणित सांगत होतं. आज नावेची चाचणी होती आणि अमरावतीच्या वडाळी तलावाकाठी तिचं अख्खं इंजिनीअरिंग कॉलेज लोटलं होतं. नाव दोघांनी वल्हवायची होती, पण तिची बोटभर जाडी पाहून जोडीदार नितेशनं ऐनवेळी माघार घेतली. तेवढ्यात गर्दीतून तिचे बाबा, गवंडीकाम करणारे मोतीराम, पुढं आले आणि चपला काढून सरळ नावेत जाऊन बसले. त्यांच्यामागं भावनाही चढली.

नाव डुलली, एका अंगाला कलली आणि तरंगली. काठावर एकच गिल्ला उठला. वल्ही मारत दोघं पार तलावाच्या मध्यावर आली, तेव्हा कुठं तिला विचारायचं सुचलं.

"बाबा, तुमाले पोहता येते ना?"

"नाई."

"मंग बसले काहून?"

मोतीराम ओल्या हातानं नावेची कड चाचपत म्हणाले, "माल तूनं कालवला हाये ना, पोरी."