खाचेचं माप

"आतली खाच किती खोल ठेवलीस रे?" जहांगीरने सहज विचारलं आणि धनसिंगच्या कपाळाला आठी पडली.

सहज? नव्या विद्यापीठाचं पहिलं प्रदर्शन तोंडावर आलेलं, आणि कोणी सहज विचारतं होय! खाऱ्या पाण्यातही न तुंबणारी ठिबकची तोटी धनसिंगने एकट्याने तयार केली होती. सगळी करामत त्या खाचेत. पहिला नंबर आला तर राज्याच्या स्पर्धेत जायला मिळणार होतं. माप फुटलं की मुसळ केरात!

त्याचे वडील धरणगावकडे काविळीचं औषध द्यायचे. पाला कुठला, ते त्यांनी बायकोलाही कळू दिलं नव्हतं. "कोनलेच सांगू नको. सांगं का गुण जास," औषध उघड केलं की त्याचा गुण जातो, हे त्यांनी पोराच्या मनात लहानपणीच भरवलं होतं. होस्टेलच्या खोलीत जहांगीरच्या डब्यातलं अर्धं खायचं, ते ठीक. पण विद्या वाटायची? छे!

त्यात या जहांगीरचा बाप नशिराबादचा लेथवाला. आता बोला! बाप हुबेहूब तोटी उतरवून देणार आणि पोरगं मिरवणार.

"अडीच मिलिमीटर," धनसिंग म्हणाला. खरं माप वेगळंच होतं. मनातून त्याला गुदगुल्या झाल्या.

प्रदर्शनाच्या सकाळी जहांगीर आला तो वडिलांना, अमीनचाचांना घेऊन. आला चोर, धनसिंगला वाटलं. चाचांनी रुमालातून पितळेची लखलखीत तोटी काढली.

"घे बेटा, तुझ्यासाठी. प्लास्टिकच्या तोटीला कोण नंबर देतं!"

 धनसिंग नको नको म्हणेपर्यंत जहांगीरने ती नळीला जोडलीसुद्धा. शेजारच्या टेबलांवरची पोरं गोळा झाली. थेंब कसला, धारच लागली. कोणीतरी फिदीफिदी हसलं.

जहांगीरला मित्राचा संशयही आला नाही. तो बापावरच उखडला, "अब्बा, माप तर बरोबर सांगितलं होतं ना मी!"

चाचांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. तोटी डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ फिरवली.

"नजर गेली रे माझी," ते म्हणाले. "बस्स झालं. उद्यापासून लेथला हात लावत नाही."

धनसिंगला गप्प राहता आलं असतं. परीक्षक दोन टेबलं पलीकडे येऊन ठेपले होते. भोवती सगळे स्पर्धक कान टवकारून उभे होते.

"चाचा, तुमचा हात चुकला नाही! मी खोटं सांगितलं होतं," तो साऱ्या हॉलला ऐकू जाईल असं ओरडला. "खाच दीड मिलिमीटरची आहे, दीड!"